कडुलिंबात अख्खं सासर

आशाबाई दाभाडेंच्या घरात काही शब्दांना बंदी होती. कडू म्हणायचं नाही, लिंब म्हणायचं नाही आणि लिंबूही म्हणायचं नाही. कारण नवऱ्याचं नाव कडुबा आणि सासऱ्याचं नाव लिंबाजी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, सासऱ्याचं तर त्याहून नाही, आणि त्या नावासारखा लागणारा शब्दसुद्धा ओठावर आणायचा नाही, असं सासूनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलेलं. आशाबाईंनी मान डोलावली ती जन्मभरासाठी.

आता बघा, एखादी बाई गणपत नावाच्या माणसाशी लग्न करते, तिचं काय अडतं? पण इथं तर रोजच्या स्वयंपाकालाच कुलूप लागलं. कारलं चिरताना चुलत जाऊबाईंनी विचारावं, "कसं लागतंय गं?" आणि आशाबाईंनी म्हणावं, "ह्यांच्यासारखं." मुकुंदवाडीच्या बाजारात जाऊन त्या "दोन आंबट द्या" म्हणायच्या. जुने भाजीवाले समजून लिंबं द्यायचे. नव्या एकानं चिंच बांधून दिली, तर ती मुकाट्यानं घेऊन आल्या आणि चार दिवस घरात चिंचेचं सार झालं. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "तोंडाची चव कशी आहे?" आशाबाई म्हणाल्या, "घरच्यांसारखी." डॉक्टर बघतच राहिले. शेजारी उभ्या कडुबांना हसू आवरेना. "साहेब, कडू म्हनती ती. घरचा मीच हाय!"

आणि कडुबा तरी काय कमी? मुकुंदवाडीत घर बांधलं तेव्हा दारात लावायला झाड कोणतं आणलं असेल या माणसानं? कडुलिंब!

"लई झाडं होती की नर्सरीत," आशाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "हेच कामून आणलं?"

"मी आन् आमचे बापू, दोघं एकदम दारात उभे ऱ्हातो. तुला रोज पाणी घालता येईल."

"आन् शेजारणीनं इचारलं, झाड कशाचं, तर मी काय सांगू?"

"सांग, अख्खं सासर हाय."

आशाबाईंनी खरंच तेच सांगायला सुरुवात केली. पुढं गल्लीतली पोरंसुद्धा त्या झाडाला सासरच म्हणायला लागली. "सासरवर पतंग अडकला" म्हणून ओरडायची आणि नवीन भाडेकरू चक्रावून जायचे.

कडुबांचं नाव कडुबा का, तर त्यांच्या आईची तीन लेकरं त्यांच्याआधी गेलेली. सिल्लोडकडचं लहान गाव, दवाखाना लांब, आणि माउलीची समजूत अशी की मरणाला गोड लेकरं आवडतात. थोरल्याला ती राजा म्हणायची, मधलीला सोनी. नाव घेऊन घेऊन लाड केले आणि दोन्ही गेली. तिसऱ्याचं तर बारसंही झालं नाही. चौथा झाला तेव्हा तिनं त्याला कडुबा म्हणून टाकलं. त्या नावानंही ती लाडानं हाक मारायची नाही. नव्या सुनेला तिनं सांगितलं होतं, "बाई, नवऱ्याचं नाव समदेच झाकतात. तू जरा जास्त झाक. ज्याचं नाव म्या गोडीनं घेतलं ते ऱ्हायलं नाय." हे सांगताना सासूचे हात थरथरत होते. आशाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. त्यांना रीत कळली की नाही देव जाणे, पण ते हात कळले.

कडुबा फौजेच्या भरतीला गेले तेव्हा रांगेत त्यांचं नाव विचारलं. यांनी छाती काढून सांगितलं, "कडुबा लिंबाजी दाभाडे." साहेब उत्तरेकडचा. त्यानं बाजूच्याला अर्थ विचारला, आणि अर्थ कळल्यावर म्हणाला, "ये जवान है या दवाई?" सगळी रांग खदखदली. तेव्हापासून पलटणीत त्यांना दवाई म्हणत. फौजी मित्रांचे घरी येणारे फोनसुद्धा "दवाई है क्या घर में?" असे यायचे आणि आशाबाई बिनधास्त म्हणायच्या, "हां, दवाई है, देती हूं." हे नाव घ्यायला त्यांना कसलीच आडकाठी नव्हती!

सुट्टी संपवून कडुबा परत निघायचे तेव्हा गावच्या फाट्यावर दोघं एसटीची वाट बघत उभे राहत. कडुबांनी एकदा डिवचलं, "आता बर्फात चाललोय. काय सांगावं काय होईल. एकदा तरी नाव घे की. शिकलीसवरलेली तू, सातवी पास. नावानं मानूस मरतो व्हय? आपल्यात असल्या गोष्टी मानत नाय."

"तुमी नका मानू."

"मंग तू कामून मानती?"

"मी कुठं मानती? तुमी तिकडं पहारा देता ना, तसा मी इकडं देते. तुमी बंदूक खाली ठेवता का?"

एसटी आली, कडुबा चढले.  बर्फातून ते परत आले, वाळवंटातून आले, आणि शेवटी हवालदार होऊन, पाठीवर हिरवी ट्रंक टाकून कायमचे आले. आशाबाईंनी मनाशी म्हटलं, बघा, आला का नाय धड? पहारा चुकला नाही.

घरी आलेला फौजी आता पाय पसरून बसेल असं वाटलं असेल कुणाला, तर त्याला कडुबा माहीत नाहीत. चिकलठाण्याच्या एका कंपनीच्या गेटवर त्यांनी नोकरी धरली. ड्युटीवरून आले की चहा पिऊन थेट घराच्या बांधकामावर. विटा स्वतः रचल्या, गिलावा स्वतः केला, मुलगा राजकुमार पाणी मारायला आणि आशाबाई वाळू चाळायला. पण घर असं बांधलं की खोल्या एवढ्याशा आणि ओसरी मात्र ऐसपैस. बघणारे म्हणत, "दाभाडे, गणित चुकलं का?" चुकलं कशाला! छपराखाली या माणसाचा जीव गुदमरायचा. जेवण ओसरीत, झोप ओसरीत, दाढी सासरच्या, म्हणजे कडुलिंबाच्या खोडाला आरसा टांगून. पावसाची झड आत आली तर बाज दोन हात मागं सरकवतील, पण आत जाणार नाहीत. आशाबाई म्हणायच्या, "एवढं घर बांधलं, आन् राहतं कोण? मी आन् पाल."

आणि रविवार उजाडला की या गड्याला डोंगराचे डोहाळे लागायचे. सारोळ्याचा डोंगर हा त्यांचा खास. आधी सायकलीवर, मग एसटीनं, आणि राजकुमारनं जुनी ओमनी घेतल्यावर तिच्यात सगळा संसार कोंबून. भाकऱ्या, ठेचा, येसरची आमटी, पाण्याचा कॅन, सतरंजी. वर पोचल्यावर कडुबा तीन दगडांची चूल मांडत, काटक्या गोळा करत, कोणत्या झुडपात तितर बसलाय ते नातीला दाखवत. तितर दिसला नाही तर त्याची हाक काढून दाखवत. ती हाक तितरापेक्षा एखाद्या जुन्या स्कूटरसारखी वाटते असं नातीचं मत होतं. पण समोरच्या झाडीतून एकदा खरंच उत्तर आलं, आणि त्या दिवशी कडुबा दुपारभर कुणाशी सरळ बोलले नाहीत, नुसते ऐटीत हिंडले.

या सहलीची एक शिस्त होती. निघताना आणि परतताना गिनती. फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. ओमनीसमोर सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि कडुबा खणखणीत आवाजात नावं घ्यायचे.

"राजकुमार!"

"हाजिर साब!"

"मोनाली!" सून बिचारी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या गिनतीला "हजर, मामंजी" म्हणाली होती. तिला परत म्हणायला लावलं.

"हाजिर साब!"

"अपेक्षा!" ही नात. हिचा आवाज पहिल्यापासून आजोबांच्या तोडीचा.

"हाजिर साब!"

"आशाबाई!"

"आता काय पळून जाते का मी? हाजिर साब!"

मग कडुबा स्वतः धावत रांगेच्या टोकाला जाऊन सावधानमध्ये उभे राहायचे, कारण हजेरी घेणाऱ्याची हजेरी कुणीतरी घ्यायला हवी. ते काम आशाबाईंचं. सगळे श्वास रोखून बघत, आज तरी घेतील का नाव? आशाबाई पदर सारखा करायच्या, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या,

"आन् हे?"

"हाजिर साब!" कडुबा असे ओरडायचे की डोंगरावरची माकडं दचकावीत. सगळी हसून लोळायची. वर्षानुवर्षं तोच विनोद, आणि वर्षानुवर्षं तेवढंच हसू. काही घरांत असतं तसं.

कडुबांनी त्या नावासाठी सापळे काही कमी लावले नाहीत. काकडीसारखं वाळूक खाताना कडू निघालेली फोड मुद्दाम बायकोच्या हातात द्यायची आणि भोळेपणानं विचारायचं, "गोड हाय ना?" आशाबाई चावायच्या, तोंड वेडंवाकडं व्हायचं, आणि सगळं घर कान टवकारायचं. "हाय," त्या म्हणायच्या, "तुमच्याइतकंच गोड हाय." अपेक्षा कॉलेजला गेल्यावर घरात बिनदुधाची कॉफी आली. आशाबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे तुझ्या आबाचं पाणी तूच पी बाई."

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सारोळ्यालाच, जेवणाआधी कडुबा डिंक शोधायला म्हणून झाडीत गेले आणि आलेच नाहीत. भाकऱ्या गार झाल्या, आमटीवर साय धरली, तरी पत्ता नाही. फोन ओमनीत पडलेला. राजकुमार "बाबा! बाबा!" करत एका बाजूला, अपेक्षा "आबा!" करत दुसऱ्या बाजूला. रविवारची गर्दी, कुणाचे ना कुणाचे बाबा आणि आबा सगळीकडून "काय रे?" म्हणत. मोनाली म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही नावानं हाक मारा ना. कडुबा नाव दुसऱ्या कुणाचं असणार इथं?"

आशाबाई उठून उभ्या राहिल्या. नाव पार जिभेच्या टोकाला आलं. पण सासूचे ते थरथरते हात आठवले. आज, नेमकं आज घेतलं आणि खाली घळीत काहीबाही झालेलं असलं तर? त्यांनी ओठ घट्ट मिटले, आमटीचं पातेलं उपडं केलं, म्हणजे आमटी गेली बरं का, सगळी गेली, आणि पळीनं ते पातेलं बडवायला घेतलं. असं बडवलं, असं बडवलं की सहलीला आलेली माणसं कडेला झाली.

थोड्या वेळानं घळीतून काठी टेकत, लंगडत स्वारी वर आली. पाय मुरगळला होता.

"अहो, एवढ्या हाका मारल्या, ऐकू नाय आल्या?" राजकुमार चिडला.

"आल्या की. समद्या आल्या." कडुबा सतरंजीवर टेकले. "म्हटलं आज सापडली. आज तरी नाव घेईल. म्हनून बसलो होतो दगडावर. पन पातेलं वाजलं न् भूक खवळली."

आशाबाईंनी पळी अशी उगारली की फौजी गडी लंगडत्या पायानं मागं सरकला. मग त्या तिथंच बसून ढसढसा रडल्या. "मी जित्या मानसाचं नाव नाय घेत! समजलं का? जित्ते हायसा तंवर नाय घ्यायची. मराल तवा घेईन!"

कडुबांनी त्यांच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. हळूच म्हणाले, "मंग ऐकनार कोन, बये?"

"काय गरज हाय ऐकायची? हाक न मारता येता की रोज. खा आता कोरडी भाकर, आमटी गेली तुमच्या पायी."

त्यानंतर तीन वर्षं आणखी डोंगर झाले, गिनत्या झाल्या, वाळकं झाली. आणि मागच्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला, सकाळचं फिरून आल्यावर कडुबा ओसरीतल्या बाजेवर बसले, बूट काढले, "चहा टाक गं" म्हणाले, आणि आशाबाई चहा घेऊन येईपर्यंत गेलेले होते. बाहेरच्या हवेत, सासरच्या सावलीत. माणूस जसा जगला तसाच गेला म्हणतात ना, तसं झालं. दुःख झालंच. पण ज्याच्या घरी भेटायला आलेली माणसं त्याच्या आठवणी सांगता सांगता हसायला लागतात आणि मग लाजून तोंडाला रुमाल लावतात, असा माणूस होता तो.

पण आशाबाईंनी पहारा उठवला नाही. कडुबा गेले हे सगळ्या गल्लीला कळलं होतं, त्यांनाही कळलं होतं. तरी वर्षभर कारलं ह्यांच्यासारखंच राहिलं आणि बाजारातून आंबटच आलं. राजकुमारला काळजी वाटायची. अपेक्षानं मात्र ओळखलं होतं. एकदा तिनं विचारलंच, "आजी, आता तरी घे ना नाव. आता काय होणार आहे?"

"व्हनार काय? काय बी नाय." आशाबाई झाडाला पाणी घालत होत्या. "पन घेतलं ना, की गेलाच म्हनायचा तो. मराल तवाच घेईन, मीच म्हटलं होतं. माझ्या तोंडून नाय गेला अजून."

पहिला स्मृतिदिन झाला. बुद्धवंदना झाली, दहा माणसं जेवून गेली, फौजी मित्र येऊन "दवाई"चे किस्से सांगून गेले. त्यानंतरच्या रविवारी अपेक्षानं ठरवलं, सारोळ्याला जायचं. वर्षात कुणी गेलं नव्हतं. ती आता पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पळायची सवय आजोबांनीच लावलेली.

ओमनी वर चढली. तीन दगडांची चूल पेटली. मोनालीनं येसरची आमटी केली. राजकुमारनं तितराची हाक काढून बघितली आणि ती बापापेक्षाही वाईट निघाली. अपेक्षा इतकी हसली की तिला ठसका लागला. आशाबाई सतरंजीवर बसून सगळं बघत होत्या. हसणं जसंच्या तसं होतं, याचं त्यांना बरं वाटलं आणि थोडा रागही आला. बाजेवर बसल्या बसल्या गेलेल्या माणसानं एवढं सगळं मागं ठेवून जावं?

उन्हं कलली. परतायची वेळ झाली, आणि सगळे उगाच सामान आवरत राहिले. कॅन दोनदा गाडीत ठेवला, दोनदा काढला. पुढं काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. शेवटी अपेक्षा ओमनीसमोर जाऊन उभी राहिली. हात पाठीमागं, मान ताठ.

"गिनती! राजकुमार!"

"हाजिर साब!" बापानं लेकीला कडक सलाम ठोकला.

"मोनाली!"

"हाजिर साब!"

"आशाबाई!"

"हाजिर."

मग अपेक्षानं स्वतःचं नाव घेतलं आणि स्वतःच "हाजिर साब" म्हटलं, आणि ती थांबली. पुढचं तिच्याच्यानं होईना. रांगेच्या टोकाला जागा होती तेवढी मोकळी. वारा सुटला होता. राजकुमार बुटाकडं बघत होता.

आशाबाईंनी पदर सारखा केला. त्या मोकळ्या जागेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् हे" ओठावर आलं आणि तिथंच थांबलं. त्यांना वाटलं, नुसतं "हे" म्हटलं तर कोण उत्तर देणार? सगळ्या डोंगरभर हे असतात. घळीत दगडावर बसून तो माणूस हट्टानं वाट बघत बसला असेल तर बसेल तसाच. किती दिवस बसवायचा त्याला?

त्यांनी श्वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा, खणखणीत, गोडीनं, हवं तेवढं लांबवून हाक मारली.

"कडुबा लिंबाजी दाभाडे!"

 मग राजकुमार, मोनाली, अपेक्षा, तिघांच्या तोंडून एकदमच, कुणी न सांगता, असेल नसेल तेवढ्या मोठ्या आवाजात निघालं,

"हाजिर साब!"

बाजूच्या सतरंजीवरची अनोळखी माणसं चमकून बघायला लागली. अपेक्षा आजीच्या गळ्यात पडली. आशाबाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, दोन्ही एकदम. "ऐकलं बघा तुमी," त्या म्हणाल्या. "कोन ऐकनार म्हनत होता ना."

उतरताना ओमनीत मोनालीनं उरलेलं वाळूक कापलं आणि पहिली फोड सासूच्या हातात दिली. आशाबाईंनी चावली. तोंड वेडंवाकडं झालं. सवयीनं तिघांनीही कान टवकारले.

"शी! कडू हाय गं," आशाबाई म्हणाल्या, आणि दुसरी फोड मागितली.